चार किलोमीटरचा प्रश्न

दूध, भाजी, किराणा, बँक, दवाखाना, मुलांचा क्लास, मेट्रोचे स्टेशन. शहरातल्या कोणत्याही मध्यमवर्गीय घराचा आठवडा मांडून पाहिला, तर घराबाहेर पडण्याची बरीचशी कारणे तीन-चार किलोमीटरच्या आतच संपतात. कामाचे ठिकाण लांब असेल, महिन्यातून एखाद्या वेळी गावाकडे जाणे होत असेल. पण रोजची ये-जा जवळचीच असते. या जवळच्या ये-जासाठीही आपण गाडी काढतो. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून कोथिंबीर आणायची असली तरी हात आधी गाडीच्या किल्लीकडे जातो.

आता वेळेचा हिशेब पाहू. जगभरच्या शहरांतील वाहतुकीचा वेग मोजणाऱ्या टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या अहवालानुसार पुण्यात १० किलोमीटर जायला मोटारीला सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद लागतात. जगातल्या सर्वांत संथ शहरांत पुण्याचा क्रमांक चौथा लागला. म्हणजे मोटारीचा वेग ताशी १८ किलोमीटर. साधी सायकल घाम न काढता ताशी १२ ते १५ किलोमीटर जाते. चार किलोमीटरला मोटारीला सव्वातेरा मिनिटे आणि सायकलला सोळा ते वीस. गाडी लावायला जागा शोधण्यात जाणारा वेळ धरला, तर हा फरक उरत नाही. स्कूटर गल्लीबोळातून मोटारीच्या आधी पोचते हे खरे, पण एवढ्या अंतरावर तिने वाचवलेला वेळही काही मिनिटांचाच असतो.

मग या चार किलोमीटरला सायकल का नाही? आरोग्य, इंधन, प्रदूषण, सुरक्षितता, नगररचना अशा अनेक अंगांनी या प्रश्नाचा अभ्यास झाला आहे, धोरणे झाली आहेत, पैसेही खर्च झाले आहेत. त्या सगळ्याचा आढावा घेताना मी पुणे मध्यभागी ठेवले आहे. ‘सायकलींचे शहर’ ही ओळख एवढ्या अभिमानाने मिरवून ती हरवलेले महाराष्ट्रात दुसरे शहर नाही. माझे मत आधीच सांगतो. सायकल चालवणे हा वैयक्तिक सद्गुण मानून आपण हा प्रश्न फार वर्षे अडवून ठेवला आहे. माणूस जवळच्या कामाला कोणते वाहन काढतो, हे बव्हंशी त्याच्या दारापुढचा रस्ता ठरवतो; आणि रस्ता कसा असावा हे पालिका ठरवते.

सायकलींचे शहर कसे बदलले

जुन्या पुण्याला सायकल सोयीची होती याची कारणे साधी होती. पेठा बऱ्यापैकी सपाट, अंतरे लहान, हवा सुखद. खडकीच्या फॅक्टऱ्यांचा भोंगा झाला की कामगारांच्या सायकलींचा लोंढा रस्त्यावर येई. कॉलेजातले विद्यार्थी सायकलवर, कारकून सायकलवर आणि प्राध्यापकही सायकलवर. गल्लोगल्ली तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने होती. ज्याच्या घरी सायकल नव्हती, तोही सायकल शिकत असे. डबलसीट किंवा रात्री दिव्याशिवाय चालवली तर पोलीस अडवत. सायकल हे त्या काळी गरिबाचे वाहन नव्हते, शहराचे वाहन होते.

ती मागे पडली ती एका रात्रीत नव्हे. १९६१ साली पानशेतचे धरण फुटल्यावर नदीकाठची वस्ती उठली आणि सहकारनगर, गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा नव्या वसाहतींत गेली. शहर पसरू लागले आणि घर-कचेरीतले अंतर वाढले. १९७२ साली आकुर्डीच्या बजाजची चेतक आली. त्याच वर्षी कायनेटिकची लूना आली, ती नगरच्या कारखान्यातून. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. उदारीकरणानंतर वाट पाहणे संपले, कर्ज सहज मिळू लागले आणि गिअर नसलेल्या स्कूटर घरोघरी आल्या. या स्कूटरने मराठी मुलींना आणि बायकांना जे स्वातंत्र्य दिले, त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. बसची वाट न पाहता, कुणाच्या मागे न बसता कामाला जाता येणे ही मोठी गोष्ट होती. सायकलीच्या बाजूने बोलणाऱ्याने हे विसरून चालणार नाही.

पालिकेची हद्द १९९७ मध्ये वाढली. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे शहरात आली. शहर पसरले तेवढी बस पसरली नाही. दरम्यान रस्त्यांची आखणी मोटारींचा वेग डोळ्यांपुढे ठेवून होत गेली. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता, शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता अशा जोड्या एकेरी झाल्या. एकेरी रस्त्यावर वाहनांचा वेग वाढतो. सायकलवाल्याला मात्र पलीकडच्या फुटपाथवरच्या दुकानात जायला मोठा वळसा पडतो, नाहीतर उलट्या दिशेने जीव मुठीत धरून जावे लागते. रुंदीकरणात कडेची झाडे गेली आणि उड्डाणपूल झाले. २०१८ साली शहरातली नोंदणीकृत वाहने ३६ लाखांवर गेली आणि तेव्हाच्या ३५ लाखांच्या लोकसंख्येला त्यांनी मागे टाकल्याची बातमी आली. हळूहळू रस्त्याची कडही सायकलीसाठी उरली नाही.

आज सायकल कोण चालवते

‘आता सायकल चालवतो कोण?’ असे आपण सहज म्हणतो. २०११ च्या जनगणनेने लोक कामाला कसे जातात हे विचारले होते. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्या सुमारे २० कोटी लोकांपैकी २ कोटी ६३ लाख सायकलने कामाला जात होते. मोटारसायकल-स्कूटरने जाणारे २ कोटी ५४ लाख होते, मोटारीने जाणारे अवघे ५४ लाख. साडेचार कोटी लोक पायी जात होते. तेव्हापासून चित्र बदलले असणार. पण नियोजनाच्या नकाशावर मोटार एवढी मोठी दिसत असताना प्रत्यक्ष रस्त्यावर सायकलवाले मोटारवाल्यांच्या जवळजवळ पाचपट होते, ही वस्तुस्थिती डोळ्यांआड करता येत नाही.

हे सायकलवाले पाहायचे असतील तर सकाळी सहा-सातच्या सुमारास सिंहगड रस्त्याला किंवा हडपसरला उभे राहावे. रात्रपाळी संपवून घरी निघालेला सुरक्षा रक्षक असतो. हँडलला डब्याची पिशवी, कॅरिअरवर गुंडाळून दोरीने बांधलेला रेनकोट, मागच्या मडगार्डवरचा रिफ्लेक्टर फुटलेला. वर्तमानपत्रे टाकणारी मुले असतात, बांधकामावर निघालेले गवंडी असतात. त्यांच्यापुढे पर्याय नसतो. बसचे भाडे रोज परवडत नाही किंवा पाळीच्या वेळेला बस नसते. त्यांच्यासाठी सायकल म्हणजे महिन्याच्या पगारातले वाचलेले पैसे.

दुसऱ्या टोकाला रविवारची सायकल आहे. हेल्मेट, हातमोजे, गिअर, सिंहगडाचा चढ. नाशिकहून दरवर्षी पंढरपूरला सायकलवारी निघते, तिच्यात शेकडो लोक जातात. ही आवड मनापासून कौतुकाची आहे. पण वारीहून परतलेला सायकलस्वार सोमवारी भाजी आणायला पुन्हा स्कूटरच काढतो. गरजेचा सायकलवाला आणि हौसेचा सायकलवाला या दोन टोकांमधली माणसे गळाली आहेत. सायकलवर शाळेत जाणारे शिक्षक, बँकेत जाणाऱ्या ताई, क्लासला जाणारा नववीतला मुलगा आता क्वचित दिसतात. आपला प्रश्न या मधल्या माणसांचा आहे.

ग्रामीण भागाने या बाबतीत शहरांना एक धडा दिला आहे. बिहारने २००६ मध्ये नववीत गेलेल्या मुलींना सायकलसाठी पैसे देणारी योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार त्या योजनेने मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढवली. शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत हा परिणाम सर्वांत ठळक होता. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. गावातल्या मुलीसाठी सायकल हे पुढे जाण्याचे साधन ठरले, ते रस्त्यावर वाहने कमी असल्यामुळे आणि गावातल्या चार-सहा मुली मिळून जात असल्यामुळे. या दोन्ही गोष्टी शहरात घडवून आणाव्या लागतात.

फायद्याचा हिशेब

आरोग्याबद्दल फार बोलायची गरज नाही, पुरावा भक्कम आहे. ब्रिटनमधल्या सुमारे २ लाख ६३ हजार लोकांची काही वर्षे माहिती ठेवून २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सायकलने कामाला जाणाऱ्यांत अकाली मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी कमी आढळला. अशा अभ्यासात मुळातच निरोगी असलेली माणसे सायकल निवडतात की काय, ही शंका राहते आणि संशोधकांनी ती शक्य तेवढी वजा करून पाहिलेली असते. आपल्याकडे या आकड्याला वेगळे वजन आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. व्यायामशाळेचे वर्षाचे पैसे भरून महिन्याभरात जाणे सोडणारे आपल्यात पुष्कळ असतात. भाजीला सायकलने जाणाऱ्याला व्यायामासाठी वेगळा वेळ काढावाच लागत नाही, म्हणून तो टिकतो.

इंधनाचा मुद्दा बारकाईने पाहावा लागतो. छोट्या अंतरावर गाडी सर्वांत वाईट चालते. इंजिन गार असताना पेट्रोल जास्त लागते, आणि धूर शुद्ध करणारे सायलेन्सरमधले यंत्र तापल्याशिवाय नीट काम करत नाही. त्यामुळे सुरुवातीच्या काही मिनिटांत सोडला जाणारा विषारी धूर प्रवासाच्या मानाने फार जास्त असतो. चार किलोमीटरच्या फेरीत ही गार इंजिनाची मिनिटेच मोठा वाटा व्यापतात. एक लांबची फेरी वाचवण्यापेक्षा चार जवळच्या फेऱ्या वाचवणे हवेसाठी महत्त्वाचे ठरू शकते, ते यामुळे.

पैशाचा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा. रोज आठ किलोमीटर म्हणजे महिन्याला २४० किलोमीटर. लिटरला ४५ किलोमीटर देणाऱ्या स्कूटरला त्यासाठी सव्वापाच लिटरच्या आसपास पेट्रोल लागते. त्यावर सर्व्हिसिंग, विमा, टायर. देशाच्या पातळीवर हा हिशेब दिल्लीच्या ‘टेरी’ या संस्थेने २०१८ मध्ये मांडला. कमी अंतराच्या दुचाकी-चारचाकी फेऱ्या सायकलवर गेल्या आणि गरिबांची पायी फरफट सायकलने वाचली, तर इंधन, आरोग्य, प्रदूषण आणि वेळ धरून वर्षाला सुमारे १.८ लाख कोटी रुपयांचा फायदा होईल, असा त्यांचा अंदाज होता. असे अंदाज गृहीतकांवर उभे असतात, पण दिशा स्पष्ट आहे.

भीती आणि अडचणी

सायकल न काढण्यामागची कारणे लोकांना विचारली की चार-पाचच येतात: ऊन-पाऊस, चढ, धूर, ‘बरे दिसत नाही’, आणि भीती.

ऊन-पाऊस ही खरी अडचण आहे, पण रोजची नाही. एप्रिल-मेच्या दुपारी सायकल चालवू नये, तेव्हा स्कूटर चालवणेही सुखाचे नसते. सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर महाराष्ट्राच्या पठारावर वर्षातले बहुतेक दिवस सायकलीला अनुकूल असतात. फिनलंडमधल्या औलू शहरात लोक बर्फात सायकल चालवतात, कारण तिथे सायकल मार्गावरचा बर्फ वेळेवर काढला जातो. आपल्याकडे त्याच्या जागी झाड आहे. रस्त्याच्या कडेचे मोठे झाड तोडले की तिथला दुपारचा सायकलवाला गेला असे समजावे.

चढाचे उत्तर तंत्राने दिले आहे. बावधन, पाषाण, धनकवडी, कात्रज या भागांसाठी पॅडल मारताना मोटरने साथ देणारी सायकल चांगली. २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असेल, तर तिला परवाना आणि नोंदणी लागत नाही.

धुराबद्दल केंब्रिजमधल्या मार्को टाइनियो आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा अभ्यास महत्त्वाचा आहे. हवेतल्या सूक्ष्म कणांचे, म्हणजे पीएम २.५ चे, प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असेल, तर रोज दीड तासापर्यंत सायकल चालवण्यात नुकसानीपेक्षा फायदा जास्त, असे त्यांचे गणित सांगते. पुण्याची वार्षिक सरासरी या पातळीच्या बरीच खाली आहे आणि आपली फेरी वीस मिनिटांची आहे. दिल्लीच्या हिवाळ्यात मात्र उत्तर बदलू शकते.

‘बरे दिसत नाही’ ही अडचण हसण्यावारी नेऊ नये. मुलीचे लग्न ठरवायला आलेले पाहुणे, ऑफिसातले वरिष्ठ, सोसायटीचा वॉचमन, सगळ्यांच्या नजरेत गाडीवरून माणसाची पायरी ठरते. हे बदलायला भाषणे उपयोगी पडत नाहीत. डॉक्टर आणि मुख्याध्यापक सायकलने येऊ लागले की आपोआप बदलते.

उरते ती भीती, आणि ती अगदी रास्त आहे. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्यांत सायकलस्वार पावणेपाच हजारांहून अधिक होते. दुचाकीस्वार पाऊण लाखाच्या जवळपास होते, म्हणजे स्कूटर काढल्याने जीव सुरक्षित होतो हा समजही खरा नाही. धोक्याचे मूळ वेगात आहे. म्हणूनच २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात पायी चालणारे, सायकलवाले आणि गाड्या एकत्र येतात त्या रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा सुचवली गेली. आणखी एक गोष्ट अमेरिकी अभ्यासक पीटर जेकबसन यांनी २००३ मध्ये दाखवली: रस्त्यावर सायकली जितक्या वाढतात, तितका एकेका सायकलवाल्याचा धोका कमी होतो. चालकांच्या डोळ्यांना सायकलीची सवय होते. पण पहिल्या शंभर जणांना रस्त्यावर आणायचे, तर त्यांना आधी वेगळी, सुरक्षित जागा द्यावी लागते.

आपण काय करून पाहिले

‘रस्त्याची जागा वाहनांना नव्हे, माणसांना वाटा’ ही भूमिका केंद्राने २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात घेतली. त्याच सुमारास पुण्यात बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका, आली आणि तिच्या कडेने सायकल ट्रॅक झाले. त्या ट्रॅकचा अनुभव ज्यांनी घेतला, त्यांना ते का ओस पडले हे सांगावे लागणार नाही. ट्रॅक सुरू होताना तोंडाशी लोखंडी खांब, इतक्या जवळजवळ की हँडल अडावे. थोडे पुढे पेव्हर ब्लॉक खचलेला, मग ड्रेनेजचे झाकण इंचभर वर आलेले. बसथांब्याजवळ ट्रॅक थेट थांब्याच्या मागच्या भिंतीला भिडतो. पुढे वीजमंडळाची डीपी, मग दुकानापुढे लावलेल्या स्कूटर, मग फळांची हातगाडी. आणि जिथे त्याची सर्वांत जास्त गरज असते, त्या चौकाच्या तोंडाशी ट्रॅक संपतो. सायकलवाला खाली मुख्य रस्त्यावर उतरतो आणि बाकीचे म्हणतात, ‘ट्रॅक असून वापरत नाहीत.’ इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिका सलग, रुंद, समतल आणि वाहनांपासून वेगळ्या ट्रॅकबद्दल स्पष्ट बोलतात. कागद चांगला होता, बांधकाम आणि देखभाल त्याप्रमाणे झाली नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये पुणे पालिकेच्या सर्वसाधारण सभेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात आठशेहून अधिक किलोमीटरचे सायकलस्नेही जाळे कल्पिले होते. देशात एवढा तपशीलवार आराखडा फार थोड्या शहरांकडे होता, आणि आजही तो चांगला दस्तऐवज आहे. प्रत्यक्षात जे झाले ते तुकड्या-तुकड्यांत. त्यातला जंगली महाराज रस्त्याचा नमुना पाहण्यासारखा आहे. फुटपाथ रुंद झाले, बसायला जागा झाली, झाडे राखली गेली. चालणाऱ्यांनी तो रस्ता लगेच आपलासा केला. सायकलीला मात्र एका रस्त्याचा उपयोग मर्यादितच असतो.

त्याच डिसेंबरात विद्यापीठ आणि औंध परिसरात भाड्याच्या सायकली आल्या. पेडल, ऑफो, मोबाइक, युलू अशा कंपन्या उतरल्या. भगव्या-पिवळ्या सायकलींनी शहर काही महिने फुलले होते. २०१८ च्या मध्यात ऑफोने देश सोडला, पाठोपाठ बाकीच्याही आटल्या. तोडफोड आणि चोरी झाली हे खरे, पण मूळ कारण आर्थिक होते. हा धंदा परदेशी गुंतवणुकीच्या जोरावर चालला होता, तो पैसा आटल्यावर सार्वजनिक निधी उभा राहिला नाही. बसला तूट भरून देणारे शहर सायकलीकडून मात्र पहिल्या दिवसापासून नफ्याची अपेक्षा ठेवत होते. भाड्याच्या सायकलीची सवय पुण्याला नवी नव्हती. कमी पडला तो सुरक्षित रस्ता आणि धीर.

मुंबईत तानसा जलवाहिनीच्या कडेने ३९ किलोमीटर मार्गाची योजना आली. पवई तलावाकाठचा सायकल ट्रॅक मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला आणि काढायला लावला. तलावाच्या काठी, माणसे जिथे कामाला जात नाहीत तिथे, निसर्गाला धक्का लावून ट्रॅक करणे हा सायकलीचा प्रश्न सोडवण्याचा मार्ग नव्हताच. कोलकात्याने तर उलट टोक गाठले. २०१३ मध्ये तिथे १७४ रस्त्यांवर सायकलींना मनाई झाली, आणि फटका बसला तो दूधवाले, भाजीवाले, कारागीर यांना.

२०२० च्या टाळेबंदीत रस्ते मोकळे झाल्यावर केंद्राच्या ‘सायकल्स फॉर चेंज’ स्पर्धेत शंभराहून अधिक शहरे उतरली. पुरस्कार मिळालेल्या अकरांत नागपूर आणि पिंपरी-चिंचवड होते. तात्पुरते खांब आणि रंग वापरून कमी पैशात ट्रॅक करून पाहण्याची ही पद्धत चांगली होती. ती टिकवण्याची यंत्रणा मात्र उभी राहिली नाही.

जगाचा अनुभव

‘ते नेदरलँड्स आहे, आपल्याकडे जमणार नाही’ हे वाक्य नेहमी ऐकू येते. नेदरलँड्सलाही ते जमत नव्हते. साठच्या दशकात तिथली सायकल भराभर कमी होत होती, रस्ते मोटारींसाठी रुंद होत होते. १९७१ साली तिथे अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे गेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. मूल गमावलेल्या एका पत्रकाराने ‘बालहत्या थांबवा’ असे लिहिले आणि त्या नावाची चळवळ उभी राहिली. आई-बाप रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलसंकटात सरकारने काही रविवार मोटारी बंद ठेवल्या आणि शहरांना शांत रस्त्याची चव कळली.

त्यानंतरचा धडा पुण्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. हेग आणि टिलबर्ग या शहरांनी सत्तरच्या दशकात एकेक उत्तम सायकल मार्ग बांधला. आजूबाजूच्या रस्त्यांवरचे सायकलवाले त्यावर आले, पण शहरातल्या सायकली फारशा वाढल्या नाहीत. मग डेल्फ्ट शहराने जाळे बांधले: गल्ली, उपरस्ता, मुख्य रस्ता, पूल, सगळे एकमेकांना जोडलेले. तिथे सायकलीचा वाटा वाढला. आज त्या देशात चारपैकी एकाहून अधिक फेऱ्या सायकलवर होतात.

ज्यांना नेदरलँड्स थंड आणि सपाट म्हणून परके वाटते, त्यांनी स्पेनमधले सेव्हिया पाहावे. तिथला उन्हाळा आपल्या विदर्भाची आठवण करून देणारा. २००६ नंतर चार-पाच वर्षांत त्यांनी शंभराहून अधिक किलोमीटरचे सलग, वेगळे जाळे घातले आणि त्यासाठी रस्त्यावरच्या हजारो पार्किंगच्या जागा काढल्या. अर्ध्या टक्क्याच्या आसपास असलेली सायकल सहा-सात टक्क्यांवर गेली. पॅरिसने २०२० च्या साथीत रातोरात केलेले ट्रॅक पुढे कायमचे केले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पॅरिस शहरातल्या अकरा टक्क्यांहून अधिक फेऱ्या सायकलने होत होत्या, मोटारीने चार टक्क्यांच्या थोड्या वर. या तिन्ही ठिकाणी जाळे सलग झाले, मोटारींची जागा कमी झाली आणि राजकीय पुढाऱ्यांनी काही काळ रोष पत्करला.

आता काय करावे

पहिली गोष्ट म्हणजे शहरभर लांबलचक ट्रॅकची घोषणा करण्यापेक्षा एक विभाग निवडून तिथले सगळे जोडणे. कोथरूड घ्या, औंध-बाणेर घ्या किंवा निगडी प्राधिकरण घ्या. तिथल्या शाळा, मंडई, दवाखाने आणि मेट्रोची स्टेशने यांच्यामधले तीन-चार किलोमीटरचे जाळे पुरे करा. चौकात ट्रॅक संपू देऊ नका. अंतर्गत रस्त्यांवर ताशी ३० ची मर्यादा गतिरोधक आणि अरुंद वळणांनी प्रत्यक्षात आणा, फलकाने ती येत नाही. एकेरी गल्ल्यांत सायकलला दोन्ही दिशांनी जाऊ द्या.

दुसरी गोष्ट पार्किंगची. रस्त्यावर फुकट गाडी लावणे म्हणजे सगळ्यांची जागा एकाला देणे. पुण्याने मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केले, अंमल रखडला. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली उभ्या राहतात. मेट्रो स्टेशन, मंडई, रुग्णालय, सरकारी कचेरी इथे छपराखालची, साखळी अडकवता येईल अशी सायकल लावायची सोय व्हायला हवी. सायकल चोरीला जाईल ही धास्ती ट्रॅकइतकीच लोकांना अडवते. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हे चांगले झाले. पण विकत घेतलेली सायकल सुरक्षित राहिली तरच ती घराबाहेर पडेल.

तिसरी गोष्ट देखभालीची. ट्रॅकवरची दुकानाची पाटी, उभी गाडी, उखडलेला ब्लॉक यांची तक्रार करायची कुणाकडे, हे नागरिकाला माहीत असले पाहिजे आणि ती ठरलेल्या दिवसांत सुटली पाहिजे. हे काम भूमिपूजनासारखे दिसत नाही, म्हणून त्याला पैसा मिळत नाही. तो मागावा लागेल.

मागण्याची जागाही आहे. पुणे पालिका २००६-०७ पासून अंदाजपत्रकापूर्वी प्रभागातल्या कामांसाठी नागरिकांच्या सूचना मागवते. आपल्या घरापासून मुलांच्या शाळेपर्यंतचा रस्ता एकदा सायकलने जाऊन पाहा. कुठे ट्रॅक तुटतो, कुठे झाकण वर आले आहे, कुठे चौक ओलांडताना जीव घाबरतो, हे लिहून क्षेत्रीय कार्यालयात द्या. सोसायटीतल्या दहा घरांनी मिळून दिले, तर नगरसेवकाला ते बाजूला टाकता येत नाही.

रात्रपाळीहून परतणाऱ्या त्या सुरक्षा रक्षकाला चांगला रस्ता मिळाला, तर तोच रस्ता नववीतल्या मुलाला आणि बँकेत जाणाऱ्या ताईंनाही मिळणार आहे. तोवर ज्यांना शक्य आहे त्यांनी आठवड्यातले एखादे जवळचे काम सायकलवर न्यावे. पण त्यावर समाधान मानू नये. आपल्या प्रभागातला सलग, सुरक्षित सायकल मार्ग हा आपला हक्क आहे, आणि तो येत्या अंदाजपत्रकात मागायला हवा.